रोड्सचा धान्यव्यापारी आणि नौपाड्यातली ओल

दिवस पहिला : ठाणे ते रोम

ठाण्याला घंटाळीच्या एका घरी दर शनिवारी संध्याकाळी आमचा सात जणांचा वाचनगट जमतो. सुरुवात टिळकांच्या 'गीतारहस्या'पासून झाली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात टिळक गीतेच्या भाष्यकारांइतकीच मिल आणि स्पेन्सर यांच्याशीही हुज्जत घालतात. सत्य बोलण्याला अपवाद असावेत की नसावेत, याचा 'कर्मजिज्ञासा' प्रकरणातला ऊहापोह तर ते महाभारत आणि इंग्रज नीतिशास्त्रज्ञ यांना एकाच पंगतीला बसवून करतात. तिथून आमच्या सरांनी आम्हाला मूळ ग्रीक-रोमन ग्रंथांकडे वळवले. सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. मी स्वतः चौतीस वर्षे बँकेच्या कर्जविभागात काढली असल्यामुळे तत्त्वज्ञानाशी माझी ओळख उशिरा आणि तारणाच्या कागदपत्रांच्या वाटेने झाली.

दीड वर्षात ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र, सिसेरोचा कर्तव्यांविषयीचा ग्रंथ आणि सेनेकाची पत्रे इंग्रजी भाषांतरांतून वाचून झाल्यावर सरांनी इटलीचा बेत मांडला. सकाळी तासभर ग्रंथ, दिवसभर त्याच विषयावरची चित्रे आणि स्थळे, रात्री जेवणानंतर चर्चा, असा शिस्तीचा आराखडा त्यांनी वहीच्या एका पानावर लिहून आणला होता.

आणखी एक गोष्ट इथेच लिहिली पाहिजे. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घराचा विसार घेतला होता. सासऱ्यांनी १९७४ साली घेतलेले हे घर सर्वात वरच्या मजल्यावर आहे आणि गच्चीतून मुरलेल्या पाण्यामुळे निजण्याच्या खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीला दर जुलैत ओल येते. मार्चमध्ये मी नवा रंग लावून घेतला आणि एजंटाच्या सल्ल्यावरून लोखंडी कपाट त्या भिंतीशी सरकवले. घर घेणारे ऐरोलीचे तरुण जोडपे ओलीबद्दल काही बोलले नाही आणि मीही बोलले नाही.

विमानात सेनेकाचे २८वे पत्र पुन्हा वाचले. प्रवास करूनही मनावरचे ओझे का उतरत नाही, अशी तक्रार करणाऱ्या मित्राला सेनेका सांगतो की बदलायचे ते मन, आकाश नव्हे, कारण माणूस जिथे जातो तिथे स्वतःलाच घेऊन जातो. हे पत्र सरांनी नेमके पहिल्याच दिवसासाठी का निवडले असावे, हे मी त्यांना विचारले नाही.

दिवस दुसरा : रोमचा फोरम

सकाळी हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासोबत सिसेरोचा ग्रंथ उघडला. हा ग्रंथ म्हणजे परदेशी शिकणाऱ्या मुलाला बापाने लिहिलेले दीर्घ पत्र आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली, सीझरच्या खुनानंतरच्या धामधुमीत, सिसेरोने तो अथेन्समध्ये क्रॅटिपस या तत्त्ववेत्त्याकडे शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी लिहिला. सिसेरो स्वतःही तरुणपणी अथेन्स आणि रोड्स येथे जाऊन शिकून आला होता. नीतिविचार शिकण्यासाठी समुद्र ओलांडण्याची चाल म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि घरच्यांनी त्या निमित्ताने लांबलचक उपदेश पाठवण्याची चालही तितकीच जुनी असावी.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिला उचित काय यावर, दुसरा लाभदायक काय यावर आणि तिसरा या दोहोंत विरोध दिसला तर काय करावे यावर. पहिल्या दोन भागांसाठी सिसेरोने पॅनिशियस या स्टोइक, म्हणजे सद्गुण हेच खरे हित मानणाऱ्या ग्रीक पंथाच्या, विचारवंताचा आधार घेतला. तिसरा भाग लिहिण्याचे पॅनिशियसने कबूल केले होते, पण त्यानंतर तीस वर्षे जगूनही त्याने तो लिहिला नाही. बँकेत असताना अशी कबुली देणारे पुष्कळ लोक पाहिल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. तो भाग मग सिसेरोला स्वतःच्या बळावर लिहावा लागला.

त्या तिसऱ्या भागातले उदाहरण असे : रोड्स बेटावर दुष्काळ पडला आहे आणि एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तिथे पोहोचला आहे. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, रोड्सवासीयांना ठाऊक नाही. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? डायोजेनिस आणि अँटिपेटर हे दोन स्टोइक यावर वाद घालतात. अँटिपेटर म्हणतो की विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते सगळे घेणाऱ्याला कळलेच पाहिजे. डायोजेनिसचे म्हणणे असे की कायद्याने जेवढे सांगणे बंधनकारक आहे तेवढे सांगितले म्हणजे झाले, कारण न बोलणे वेगळे आणि लपवणे वेगळे. सर पान उलटून पुढचे उदाहरण वाचू लागले आणि माझा चहा कपातच राहिला. त्यात एक सज्जन गृहस्थ आपले घर विकायला काढतो. घर आरोग्याला घातक आहे, प्रत्येक शयनगृहात साप निघतात, लाकूड कच्चे आहे, पण हे मालकाशिवाय कोणालाच माहीत नाही.

हे मी पूर्वी घंटाळीला वाचलेले होते, पण तेव्हा घर विकायला काढलेले नव्हते.

दुपारी फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या सार्वजनिक चौकात, गेलो. सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीजवळ रोस्ट्राचे, म्हणजे भाषणाच्या उंच चौथऱ्याचे, अवशेष आहेत. ग्रंथ लिहून जेमतेम वर्ष लोटले तोच, ७ डिसेंबर ४३ इ.स.पू. रोजी, सिसेरो मारला गेला आणि सीझरचा सेनानी अँटनी याच्या हुकुमावरून त्याचे शिर आणि हात या रोस्ट्रावर टांगण्यात आले. ज्या हातांनी मुलासाठी कर्तव्याचे विवेचन लिहिले तेच हे हात, असे सर बोलले आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

नंतर कॅपिटोलाइन टेकडीवर चढलो. मायकलअँजेलोने रचलेल्या चौकात सम्राट मार्कस ऑरेलियसच्या अश्वारूढ पुतळ्याची प्रतिकृती आहे आणि मूळ ब्राँझ शेजारच्या संग्रहालयात छपराखाली ठेवले आहे. मध्ययुगात तो ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइनचा समजला गेला म्हणून वितळवला गेला नाही. ज्या सम्राटाने स्वतःपुरती टिपणे लिहिताना कीर्तीला कवडीची किंमत दिली नाही, त्याचा पुतळा दुसऱ्याच्या नावावर तगावा, हे त्या टिपणांना शोभणारेच आहे.

पण मला तिथे थांबायचे होते ते वेगळ्या कारणासाठी. याच टेकडीवरून शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीच्या आड समोरच्या सीलियन टेकडीवरची एक उंच इमारत येत असे. पुरोहितांनी मालक क्लॉडियस सेंटुमॅलस याला तिचा आड येणारा भाग पाडण्याचा हुकूम दिला. त्याने हुकुमाविषयी अवाक्षर न काढता ती कॅल्पर्नियस लॅनेरियस याला विकून टाकली. नव्या मालकावर तीच नोटीस आली, त्याने बांधकाम पाडले आणि मागाहून त्याला सगळा प्रकार कळला. मामला न्यायासाठी कॅटोपुढे आला. (हा प्रसिद्ध धाकट्या कॅटोचा बाप.) विकणाऱ्याला दोष ठाऊक होता आणि त्याने तो सांगितला नाही, तेव्हा नुकसान त्यानेच भरून द्यावे, असा निकाल त्याने दिला. ही इमारत म्हणजे रोमन लोक जिला 'इन्सुला' म्हणत तशी भाड्याने दिलेली, आपल्या चाळीच्या जातीची होती. आमच्या गटातल्या नानांनी, जे पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत, ठाण्यात पावसाळ्यापूर्वी निघणाऱ्या धोकादायक इमारतींच्या यादीची आठवण काढली आणि सगळे हसले. हसण्यात मीही सामील झाले.

दिवस तिसरा : व्हॅटिकन

व्हॅटिकनच्या संग्रहालयात गर्दीचा सारा ओघ सिस्टाइन चॅपेलकडे वाहत असतो आणि राफेलची दालने वाटेत लागतात म्हणून पाहिली जातात. त्या ओघात पाय रोवून उभे राहणे ही एक शारीरिक कसरतच आहे. राफेलने १५०९ ते १५११ या काळात रंगवलेल्या 'अथेन्सच्या विद्यापीठा'त मधोमध प्लेटो आणि ॲरिस्टॉटल चालत येतात. प्लेटोच्या हातात त्याचा 'टिमेयस' हा ग्रंथ असून त्याचे बोट आकाशाकडे आहे. ॲरिस्टॉटलने आपले नीतिशास्त्र मांडीशी टेकवून धरले आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा जमिनीला समांतर पुढे केला आहे. चित्राविषयीच्या पुस्तकांत या तळव्याचा अर्थ इहलोकाकडे निर्देश असा दिलेला असतो. मला मात्र तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात वाटला, जो दोघे भाऊ हातघाईवर आले की "दमानं घ्या" म्हणून मध्ये येतो. सद्गुण म्हणजे दोन टोकांमधला मध्य, आणि तो व्याख्येने नव्हे तर रोजच्या सवयीने अंगी बाणतो, हा ॲरिस्टॉटलचा सिद्धान्त त्या तळव्यात बसतो.

त्याच दालनाच्या दुसऱ्या भिंतीवर धैर्य, विवेक आणि संयम या तीन स्त्रिया बसलेल्या आहेत. विवेकदेवी आरशात पाहते आणि तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला एका म्हाताऱ्याचा चेहरा आहे. संयमाच्या हातात लगाम आहे. रात्रीच्या चर्चेत आमच्या गटातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले की सत्य सांगणे हा सद्गुण मानला तर त्याची दोन टोके कोणती. ॲरिस्टॉटलने स्वतःविषयीच्या सत्याबाबत बढाई आणि खोटा कमीपणा अशी टोके दिली आहेत, पण घर विकण्याच्या सत्याबाबत काही दिलेले नाही. मी लवकर झोपायला गेले.

दिवस चौथा : रोम ते सिएना

बसने सुमारे तीन तास लागले. वाटेत ऑलिव्हच्या बागा आणि सुरूची झाडे दिसली, दोघांना बस लागली, आणि संध्याकाळी पाव, घेवडा आणि कोबी घालून केलेले रिबोलिता नावाचे दाट सूप मिळाले, ज्यावर शाकाहारी मंडळींनी पुढचे तीन दिवस काढले.

दिवस पाचवा : सिएना

चित्रकलेतून नीतिविचार शिकायचा असेल तर माझ्या मते रोमपेक्षाही सिएनाला आधी यावे. चौदाव्या शतकात या नगरराज्याचा कारभार 'नऊ जण' या मंडळाकडे होता. हे नऊ जण दर दोन महिन्यांनी बदलत. १२८७ ते १३५५ अशी जवळजवळ सात दशके ही व्यवस्था टिकली. आपल्या सभागृहाच्या भिंतींवर त्यांनी १३३८-३९ मध्ये आंब्रोजियो लोरेंझेत्ती या चित्रकाराकडून सुशासन आणि दुःशासन यांची चित्रे काढून घेतली. निर्णय घेताना डोळे वर केले की ती समोर दिसत.

सुशासनाच्या भिंतीवर डाव्या बाजूला न्यायदेवी आहे. तिच्या तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकेक देवदूत असून एकावर 'वाटणीचा न्याय' आणि दुसऱ्यावर 'देवघेवीचा न्याय' अशी लॅटिन अक्षरे आहेत. ही विभागणी थेट ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागातली आहे. दोन्ही पारड्यांतून निघालेले दोर खाली बसलेल्या एकोप्याच्या देवीच्या हातात येतात, तिथून २४ नागरिकांच्या हातांतून पुढे जातात आणि सिंहासनावरच्या पुरुषापाशी, जो नगराचे सार्वजनिक हित आहे, जाऊन पोहोचतात. एकोप्याच्या देवीच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. उंचवटे तासून सगळ्यांना एका पातळीत आणायचे, हे सांगायला याहून चपखल हत्यार मिळाले नसते. नानांनी या रंध्याचे इतक्या बाजूंनी फोटो काढले की पहारेकऱ्याला त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागले.

शेजारच्या भिंतीवर सुशासित नगरात घरे बांधली जात आहेत, चांभार काम करतो आहे, गुरुजी शिकवत आहेत, चौकात नाच चालला आहे. समोरच्या, बरीच झड लागलेल्या भिंतीवर शिंगे असलेला जुलूम बसला आहे, त्याच्या पायाशी न्यायदेवी बांधून टाकलेली आहे आणि फूट नावाची स्त्री करवतीने स्वतःलाच कापते आहे. त्या नगरात धंदा चालू आहे तो फक्त शस्त्रे घडवणाऱ्याचा. चित्र पुरे झाल्यावर नऊच वर्षांनी, १३४८ मध्ये, प्लेगने सिएनाचा कणा मोडला. चित्रकारही त्याच साथीत गेला असे मानतात.

संध्याकाळी उतरत्या विटांच्या चौकात बसून चर्चा झाली. देवघेवीच्या न्यायावरून सरांनी शांतिपर्वातली तुलाधाराची कथा काढली. जटांत पक्ष्यांनी घरटी करेपर्यंत तप केलेल्या जाजलीला धर्म शिकायला काशीच्या एका दुकानदाराकडे जावे लागते. तो दुकानदार सांगतो की मी दुसऱ्याच्या हातून माल घेतो आणि कपट न करता विकतो, माझा तराजू सर्व भूतांना सारखा आहे. लोरेंझेत्तीच्या न्यायदेवीला तुलाधार नक्कीच ओळखीचा वाटला असता. मग सरांनी रोड्सच्या व्यापाऱ्यावर प्रत्येकाचे मत विचारले. माझी पाळी आली तेव्हा बँकेच्या सवयीने मी म्हटले की खरेदीदाराने चौकशी करायची असते, नाही केली तर तो त्याचा निष्काळजीपणा. सरांनी फक्त मान हलवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुमचं घर विकायचं चाललं होतं ना?" मी कपाटाची गोष्ट सांगितली. सांगून मोकळे वाटले नाही, उलट वाईट वाटले, कारण कोणीच काही बोलले नाही.

दिवस सहावा : फ्लॉरेन्स

उफिझी संग्रहालयातल्या प्रसिद्ध चित्रांसमोर रांगा होत्या. आम्हाला पाहायच्या होत्या त्या सात सद्गुणांसमोर कोणी नव्हते. फ्लॉरेन्सच्या व्यापारी न्यायालयासाठी ही सात चित्रे काढली गेली. सहा पिएरो देल पोल्लायुओलोने आणि सातवे, धैर्याचे, पंचविशीतल्या बोत्तिचेल्लीने १४७० मध्ये. मालाचे, हुंडी-चिठ्ठीचे आणि देण्याघेण्याचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधीशांच्या मागे हे सद्गुण ओळीने बसलेले असत. चित्र म्हणून बोत्तिचेल्लीचे सरस आहे, यात वाद नाही. त्याच्या धैर्याच्या चेहऱ्यावर मात्र मला शौर्यापेक्षा थकवाच अधिक दिसला.

त्यानंतर पाहिलेली ओर्सानमिकेले ही वास्तू मूळची धान्यबाजाराची. चौदाव्या शतकात खालच्या मजल्याचे चर्च झाले, तरी वरच्या मजल्यांवर धान्य साठवले जात असे आणि ते खाली सोडण्यासाठी खांबांतून काढलेल्या पन्हाळी आजही दिसतात. पूजास्थानाच्या खांबातूनच धान्याची वाट काढणाऱ्या माणसांना रोड्सच्या व्यापाऱ्याचा प्रश्न सहज उमगला असेल. दुष्काळात दाणा किती भावाने विकावा, हा त्यांच्यापुढे दर हंगामाचा प्रश्न होता.

दिवस सातवा : पादुआ

रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत पोहोचलो. पादुआचे विद्यापीठ १२२२ सालचे. गॅलिलिओने इथे १५९२ ते १६१० शिकवले, आणि एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीला २५ जून १६७८ रोजी तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट मिळाली, जी कोणाही स्त्रीला मिळालेली या विषयातली पहिली मानतात. विद्यापीठातल्या तिच्या पुतळ्याजवळ आम्हा तिघी बायकांनी फोटो काढला. बाकी दिवस पावसाने खाल्ला.

दिवस आठवा : स्क्रोवेन्यी चॅपेल

आरक्षण ठरलेल्या वेळेचे असते. आधी पंधरा मिनिटे एका काचेच्या खोलीत बसवतात, म्हणजे आपल्या अंगाबरोबर आत जाणारी दमट हवा स्थिरावते, आणि मग चॅपेलमध्ये तितकीच मिनिटे मिळतात. ओलीपासून भिंत वाचवण्यासाठी इतका खटाटोप पाहून मला काय वाटले ते सांगायला नको.

आत चांदण्यांचे निळे छत आहे आणि चारी बाजूंना ज्योत्तोने १३०५च्या सुमारास पुरी केलेली चित्रे. सगळे वर पाहतात. सरांनी आधीच बजावले होते की नजर खाली ठेवा. भिंतींच्या तळाशी, दगडात कोरल्यासारख्या राखाडी रंगात, एका बाजूला सात सद्गुण आणि समोरासमोर सात दुर्गुण आहेत. हे ठराविक सात महापापांचे चित्रण नव्हे, प्रत्येक सद्गुणाला उलटा असा दुर्गुण ज्योत्तोने समोर उभा केला आहे. विवेकासमोर डोक्याला पिसे लावलेला मूर्खपणा आहे, धैर्यासमोर उतरत्या फरशीवर चाकावरून घसरणारी चंचलता. न्यायासमोर अन्याय बसला आहे तो किल्ल्याच्या दारात, आणि त्याच्या पुढ्यात झाडे इतकी वाढली आहेत की तो रस्त्यावरून येणाऱ्याला धड दिसत नाही. त्या झाडांखाली वाटमारी चालली आहे. मत्सराच्या तोंडातून निघालेला साप वळून तिच्याच डोळ्यांना डसतो, तिच्या पायाखाली आग आहे आणि मुठीत पैशांची थैली. समोर दया मात्र पैशांच्या थैल्यांवर पाय देऊन उभी आहे.

हे चॅपेल बांधणाऱ्या एन्रिको स्क्रोवेन्यीचा बाप रेजिनाल्दो हा सावकार होता. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्यातल्या नरकाच्या सतराव्या सर्गात व्याजखोरांमध्ये पांढऱ्या थैलीवर निळी डुकरीण मिरवणारा जो पादुअन दाखवला, तो हाच मानला जातो. बापाच्या पापाचे परिमार्जन म्हणून मुलाने हे बांधले, असे पुष्कळ जण म्हणतात, काही अभ्यासकांना ते पटत नाही. शेवटच्या न्यायाच्या चित्रात एन्रिको स्वतः गुडघे टेकून चॅपेलची प्रतिकृती मेरीला अर्पण करताना दिसतो. ठाण्यात मंदिराच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरलेले पाहिले की मला जे वाटते तेच इथे वाटले, फक्त कलाकुसर पुष्कळ वरच्या दर्जाची होती.

मी त्या पंधरांतली दहा मिनिटे अन्यायासमोरच उभी होते. त्या चित्रात माणूस काहीच करत नाही. हातात आकडी धरून बसला आहे, एवढेच. झाडे त्याने लावली असतील किंवा नसतील, पण तोडलेली नाहीत. सिसेरोने डायोजेनिसला दिलेले उत्तर त्या वेळी आठवले : ज्यांना कळण्यात त्यांचे हित आहे, त्यांना आपल्या लाभासाठी कळू नये अशी इच्छा धरणे, म्हणजेच लपवणे. घंटा वाजली आणि आम्हाला बाहेर काढले.

दिवस बारावा : ठाणे

व्हेनिसहून निघून परवा पहाटे मुंबईत उतरलो. काल संध्याकाळी ऐरोलीला फोन केला आणि भिंत, गच्ची, कपाट, सारे सांगितले. ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काकू, जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही येऊन बघतो, मग भावाचं बोलू. विसार तोवर तुमच्याकडेच राहू दे." अर्ध्या तासात एजंटाचा फोन आला. "मॅडम, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" डायोजेनिसचा मुद्दा त्याने एका वाक्यात आटोपला.

आज सकाळी इमारतीच्या रखवालदाराला बोलावून नौपाड्यातल्या घरातले कपाट पूर्वीच्या जागी सरकवून घेतले. मागची भिंत अजून नव्या रंगाची आहे. फक्त खाली, फरशीलगत, बोटभर पोपडा सुटला आहे.